लहान हाताला बसणारा माउस : कामाच्या नोंदी

३० जून २०२५, सोमवार

मी पुण्यात घरूनच पुस्तकांची आणि अंकांची मांडणी करते. दिवाळी अंकाचं काम जुलैत सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानं छापखान्यात जातात. या तीन महिन्यांत रोज सात-आठ तास माउस हातात असतो. गेल्या वर्षी शेवटच्या पंधरा दिवसांत उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागला होता. अंक गेला तसा तोही गेला. यंदा काम सुरू व्हायच्या आधीच चहाचं पातेलं उचलताना कळ येते आहे. त्यामुळे यंदा माउसचा प्रश्न मुळापासून सोडवायचा असं ठरवलं आहे. काय केलं, काय फसलं आणि किती पैसे गेले, सगळं इथे लिहीन.

आधी मापं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात १६.४ सेंटिमीटर भरतो आणि तळव्याची रुंदी, अंगठा सोडून, ७.२ सेंटिमीटर. सध्याचा माउस बिनतारी, ११८ मिलिमीटर लांब, चार वर्षं जुना. वर्षभर त्याचं डावं बटण एकदा दाबलं तरी दोनदा लागतं. शब्दावर कर्सर ठेवायला जावं तर अख्खा शब्दच निवडला जातो. तो शब्द निवडलेला आहे हे लक्षात न येता टाइप केलं की मजकूर उडतो. असे दोन शब्द गेल्या वर्षी छापून गेले. कोपरापेक्षा ते मला जास्त लागलं.

३ जुलै

फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. ६०० रुपये. टेनिस एल्बोची सुरुवात आहे म्हणाल्या. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथे ताण आहे. क्लिक करून बोट बटणावर न टेकवता अधांतरी धरायची मला सवय आहे, ती त्यांनी लगेच पकडली. व्यायाम दिले. निघताना म्हणाल्या, “ताई, माउस बदलायच्या आधी तो टेबलावर कुठे ठेवता त्याचा एक फोटो पाठवा मला.”

(नंतर घातलेली नोंद) फोटो पाठवायचा राहिला. ही चूक पुढे दोन महिने महागात पडली, म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

८ जुलै

उभा माउस ऑनलाइन मागवला. १,३५० रुपये. साध्या माउसवर तळवा खाली करून धरताना हाताची दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात. उभ्या माउसवर हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, त्यामुळे तो पीळ कमी होतो. पहिल्याच दिवशी मनगट हलकं वाटलं आणि मी खूश झाले.

१७ जुलै

उभा माउस बंद केला. कारणं दोन.

साध्या माउसवर बोट खाली दाबतं, टेबल खालून धरून ठेवतं आणि माउस हलत नाही. उभ्या माउसवर बोट आडवं दाबतं, म्हणजे प्रत्येक क्लिकला माउस किंचित डावीकडे सरकतो. सरकू नये म्हणून अंगठा उलट बाजूने रेटावा लागतो. मोठी फाइल उघडायची असेल तर फरक पडत नाही. पण ‘की’ आणि ‘कि’ तपासताना कर्सर दोन अक्षरांच्या मध्ये ठेवायचा असतो, तिथे तो बरोबर एका अक्षराने चुकतो. दिवसाकाठी शंभर वेळा चुकला की मान आखडते.

दुसरं कारण माप. हा माउस मोठ्या हाताचा आहे. माझी तर्जनी बटणाच्या मध्यापर्यंत जेमतेम पोचते आणि अंगठ्याकडची बटणं माझ्यासाठी नसल्यातच जमा. खोक्यावर ‘सर्व हातांसाठी’ छापलेलं होतं. परत करायला गेले तर ‘बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत’ असं उत्तर. तोच माउस बदलून घेऊन मी काय करू? १,३५० रुपये गेले. मागवताना परतीची अट वाचली नाही, ही माझी चूक. माउससारख्या वस्तूला ती अट आधी वाचाच.

२६ जुलै

पुतण्याकडून ट्रॅकबॉल आणला होता, अंगठ्याने चेंडू फिरवायचा तो. माउस जागचा हलत नाही, त्यामुळे कोपराला खरंच आराम मिळाला. पण चौकट धरून ओढताना एका बोटाने बटण दाबून ठेवायचं आणि अंगठ्याने चेंडू फिरवायचा, हे पान मांडताना दर मिनिटाला करावं लागतं. सहाव्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. ज्यांचं काम बहुतेक वाचनाचं आणि स्क्रोलचं आहे, त्यांनी तो जरूर वापरून पाहावा. चेंडू अडखळायला लागला तर तो काढून खालच्या तीन बारीक टेकूंवर साचलेला मळ पुसायचा, लगेच सुरळीत होतो. परत दिला.

कोपराचं दुखणं जैसे थे. महिना गेला.

२ ऑगस्ट

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. जुन्याच माउसचं डबल क्लिक दुरुस्त करावं असा विचार. शनिवारी दुपारी तिथे दुचाकी लावायला जागा मिळणं अशक्य, मंडईजवळ लावून चालत गेले. माउसच्या बटणाखाली तीन पायांचा छोटा मायक्रोस्विच असतो. बाजारात तो ओमरॉनच्या डी२एफ मालिकेच्या मापाने मागितला की दुकानदाराला कळतं. ४० रुपयाला एक, चार घेतले. वितळलेलं सोल्डर ओढायचा पंप १२० रुपये, सोल्डर वायर ६० रुपये. सोल्डरिंग आयर्न दिरांकडे होतंच.

३ ऑगस्ट, रविवार

दीड तासाचं काम समजून बसले, साडेचार तास गेले. चुका क्रमाने लिहिते.

माउसच्या खाली एकच स्क्रू दिसला, तो काढून वरचं कवच ओढत बसले. उघडेना. मग कळलं, बाकीचे स्क्रू तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली आणि सेलच्या खणातल्या स्टिकरखाली दडलेले असतात. पट्ट्या नखाने ओरबाडल्या, त्या चुरगळल्या. आता माउस टेबलावर खरखरत चालतो. केस वाळवायच्या ड्रायरने अर्धा मिनिट गरम करून पातळ सुरीने उचलल्या असत्या तर सपाट निघाल्या असत्या. दुसऱ्या बाजूच्या मग गरम करूनच काढल्या, नीट निघाल्या.

जुनं सोल्डर पंपाने ओढलं जाईना. त्यावर आधी थोडं नवीन सोल्डर वितळवलं आणि मग ओढलं, तेव्हा निघालं. हे न कळल्यामुळे आयर्न फार वेळ धरलं आणि बोर्डवरचा एक तांब्याचा पट्टा सुटला. तिथे बारीक वायरचा तुकडा जोडून भागवलं.

नवीन स्विच उलटा बसवला! स्विचवरचं बोंड मधोमध नसतं, एका टोकाकडे असतं. काढायच्या आधी मोबाइलने फोटो घेतला असता तर हा घोळ झाला नसता. पुन्हा काढून सुलट लावला.

रात्री आठला माउस चालू झाला. एक क्लिक, एकदाच. मला इतका आनंद झाला की सासूबाईंना बोलावून दाखवलं.

१० ऑगस्ट

डबल क्लिक गेलं, दुखणं मात्र तसंच. तर्जनीच्या मागची शीर संध्याकाळपर्यंत ताठ होते. म्हणून बटण दाबायला नेमका किती जोर लागतो ते मोजायचं ठरवलं.

दहा रुपयाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. माउसच्या पुढच्या भागाखाली काड्यापेटी देऊन बटणाचा वरचा भाग सपाटीत आणला. खोडरबराचा हरभऱ्याएवढा तुकडा बटणावर ठेवला, म्हणजे सगळा भार एकाच बिंदूवर येतो. त्यावर क्लिक ऐकू येईपर्यंत एकेक नाणं रचत गेले. प्रत्येक जागी पाच-पाच वेळा मोजलं.

बटणाच्या अगदी पुढच्या टोकाला आठ नाणी लागली, म्हणजे साधारण ६२ ग्रॅम. माझी तर्जनी जिथे खरोखर टेकते, टोकापासून सव्वादोन सेंटिमीटर मागे, तिथे बारा नाणी. ९३ ग्रॅम. तोच माउस, तेच बटण आणि दीडपट जोर!

हे दिसल्यावर मी काही वेळ नुसती बसून राहिले. बटणाचा सांधा मागे असतो आणि स्विच पुढे. सांध्याच्या जितकं जवळ दाबाल तितका जोर जास्त. अडकित्त्याचा दांडा सांध्यापाशी धरून सुपारी कातरायला गेलं तर जे होतं, तेच. मोठ्या हाताच्या माणसाचं बोट आपोआप टोकाशी पडतं आणि त्याला तोच माउस हलका लागतो. माझं बोट मागे पडतं. चार वर्षं रोज हजारो वेळा मी तो जादा जोर लावत आले. उभ्या माउसवर दुखणं का कमी झालं नाही, तेही समजलं. तिथेही बोट मागेच पडत होतं.

म्हणजे आकार, कोन, कंपनी हे सगळं नंतर. आधी लांबी. हात टेकवल्यावर तर्जनीचं टोक बटणाच्या पुढच्या कडेपासून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत पडलं पाहिजे.

१६ ऑगस्ट

पट्टी आणि खोडरबर घेऊन दुकानं फिरले. पहिल्या तीन दुकानांत सगळे माउस प्लास्टिकच्या बंद वेष्टनात. “ताई, माउसला हात लावून कोण बघतं? चालतो का एवढंच बघायचं.” मला या उत्तराचं मनापासून वाईट वाटलं. चप्पल घालून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही. मग ज्यावर रोज आठ तास हात असतो, ती वस्तू न हाताळता का घ्यावी?

चौथ्या दुकानातल्या काकांनी मात्र काउंटरवर वापरात असलेले आणि दुरुस्तीला आलेले मिळून अकरा माउस समोर मांडले. म्हणाले, “बसा, सावकाश बघा.” अर्धा तास मी त्यांवर हात ठेवत होते. लॅपटॉपबरोबर प्रवासात वापरायचे म्हणून जे छोटे माउस विकतात, त्यातला एक ९७ मिलिमीटर लांबीचा निघाला. आवाज न करणाऱ्या बटणांचा. ६५० रुपये. घरी येऊन नाणी रचली. माझ्या बोटाच्या जागी सात नाणी, ५४ ग्रॅम.

२१ ऑगस्ट

पाच दिवस वापरला. तर्जनीचा ताठपणा जवळजवळ गेला. नवीन अडचण अशी की माउस बसका आहे, त्यामुळे तळव्याला आधार नाही. करंगळी आणि अनामिका टेबलावर घासतात. करंगळीच्या बाजूची कातडी लाल झाली आहे.

२४ ऑगस्ट

एम-सील आणून माउसच्या मागच्या बाजूला उंचवटा केला. ४० रुपये. दोन्ही लगदे एकजीव मळले, ओले असतानाच तळवा दाबून ठसा घेतला, रात्रभर वाळू दिलं. दिसायला सुंदर झालं.

सकाळी वापरायला घेतला आणि तासाभरात चूक कळली. उंचवट्यामुळे तळवा ८ मिलिमीटर मागे सरकला, त्याबरोबर बोटही मागे आलं. नाणी रचली : नऊ. जो दोष घालवायला सगळा खटाटोप केला तोच मी हाताने परत आणला. वर वजन २४ ग्रॅमने वाढलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. आधार हवा तो बाजूला, करंगळीखाली. मागे नको.

एम-सील पक्कं झाल्यावर निघता निघत नाही. कानशीने घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या आणि कवचावर चरे पडले. प्रयोग करायचा असेल तर आधी पोरांच्या खेळातल्या मऊ क्लेने करून बघा, दोन दिवस वापरा, मगच पक्की वस्तू लावा.

३ सप्टेंबर

गणपती बसले, गौरी आल्या, काल गौरी गेल्या. सात दिवस माउसला हात लावला नाही. मोदक आणि पुरणाचा घाट असूनही कोपर बरंच शांत आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडून एमसीआर रबराचा तुकडा आणला. टाच दुखणाऱ्यांच्या चपलांना लावतात तेच. ५० रुपये. दाबलं की मऊ, सोडलं की पूर्ववत, घाम शोषत नाही आणि वजन नगण्य. कागदावर नमुना कापला, त्यावरून सुरीने रबर कापलं, कडा पॉलिश पेपरने गोल केल्या. माउसच्या उजव्या अंगाला फेविबॉन्डने चिकटवलं, ४५ रुपयांची ट्यूब. दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर घसरतं, माझं एकदा घसरलं. आता करंगळी आणि अनामिका रबरावर टेकतात. वाढलेलं वजन ४ ग्रॅम.

याच वेळी सेलही बदलला. माउसमध्ये एक पेन्सिल सेल असतो, सुमारे २३ ग्रॅमचा. ६० रुपयांच्या प्लास्टिकच्या खोळीत त्याहून बारीक सेल घालून तोच खणात बसवला, तर खोळीसकट १४ ग्रॅम. सेल लवकर संपेल, चालेल. दिवसभरात तो नऊ ग्रॅमचा फरक हाताला कळतो.

७ सप्टेंबर

आज अखेर टेबलाचा फोटो फिजिओथेरपिस्टना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं : “माउस खूप लांब आहे. कोपर अंगाजवळ आणा.”

माझा कीबोर्ड ४४ सेंटिमीटर रुंद आहे. उजवीकडे अंकांचा खण, जो मी वर्षातून एकदा हिशेबाला वापरते, आणि त्याच्या पलीकडे माउस. म्हणजे दर वेळी हात बाहेर फेकायचा आणि खांद्यातून तोलायचा. दोन महिन्यांपूर्वी हा फोटो पाठवला असता तर? वाईट वाटलं, पण लिहून ठेवते.

१४ सप्टेंबर

टेबलाची उंची ७६ सेंटिमीटर. मी पाच फूट एक इंच. खुर्चीत पाय जमिनीवर टेकवून बसले तर माझं कोपर ६३ सेंटिमीटरवर येतं. म्हणून सुतारकाकांकडून टेबलाखाली कीबोर्डचा सरकता ट्रे करून घेतला. १,४०० रुपये. ट्रे आतून ५२ सेंटिमीटर. कीबोर्ड बसला, माउस बसेना. कीबोर्ड खाली, माउस वर, ही स्थिती आधीपेक्षा वाईट. सांगताना मी फक्त कीबोर्डचं माप दिलं होतं, काकांचा काहीच दोष नाही. गुडघेही आपटायला लागले. आठवडाभराने ट्रे काढला आणि भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवली.

आता उलट केलं आहे. खुर्ची इतकी वर घेतली की कोपर टेबलाच्या पातळीला येतं, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली जेवणावळीचे दोन पाट एकावर एक. आम्ही ते माळ्यावर टाकले होते. याचा खर्च शून्य.

अंकांचा खण नसलेला कीबोर्ड घेतला, ३६ सेंटिमीटर रुंद, १,१५० रुपये. माउस आठ सेंटिमीटर आत आला.

२१ सप्टेंबर

कोपराची कळ तीन दिवस नाही. पातेलं उचललं, भरलेली बादली उचलली, नाही.

आता ओढण्याच्या कामावर उपाय. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये माउसच्या बटणांच्या पानावर ‘क्लिकलॉक’ नावाची सोय आहे. बटण क्षणभर दाबून सोडलं की ते दाबलेलंच आहे असं धरलं जातं, पुन्हा क्लिक केलं की सुटतं. मजकूर निवडताना फार सुखाचं आहे. पानं मांडायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये मात्र माझ्याकडून दोन चौकटी नकळत जागेवरून सरकल्या, कारण थोडा जास्त वेळ दाबलं गेलं की लॉक लागतं. त्याचा वेळ वाढवून ठेवला तेव्हा जमलं. मजकूर निवडायला आता शक्यतो शिफ्ट आणि बाणच वापरते.

जुना, दुरुस्त केलेला माउस डाव्या हाताला ठेवला आहे, फक्त स्क्रोल करायला आणि पानं उलटायला. एका संगणकाला दोन माउस एकाच वेळी चालतात, वेगळं काही करावं लागत नाही. माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस लोकांसमोर आणला, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची पट्टी. काम दोन्ही हातांत वाटलेलं होतं. आपण सगळं उजव्या हातावर का टाकलं, कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

काल अंकाची शेवटची पानं गेली. यंदा अंकात मजकूर उडाल्याची एकही जागा सापडली नाही, मुद्रिताचं तिसरं वाचन करून सांगते आहे.

खर्च : फिजिओथेरपिस्ट दोन वेळा मिळून १,२००, उभा माउस १,३५०, स्विच-पंप-सोल्डर ३४०, छोटा माउस ६५०, एम-सील ४०, रबर आणि फेविबॉन्ड ९५, सेलची खोळ ६०, ट्रे १,४००, कीबोर्ड १,१५०. एकूण ६,२८५ रुपये. यातले उभा माउस, ट्रे आणि एम-सील, म्हणजे २,७९० रुपये, सरळ पाण्यात.

राहिलेलं काम : छोट्या माउसचं उजवं बटण अजून नऊ नाण्यांचं आहे. त्यातला स्विच दिवाळीनंतर बदलायचा आहे, त्याच्या पायांचं माप आधी उघडून बघावं लागेल. फेविबॉन्डने लावलेल्या रबराची पुढची कड घामाने किंचित उचकटली आहे, ती परत बसवायची आहे.

आज सकाळी त्या अकरा माउस मांडणाऱ्या काकांच्या दुकानात पुन्हा गेले, याच मापाचा आणखी एक माउस राखून ठेवायला घ्यावा म्हणून. हे मॉडेल आता येणं बंद झालं, म्हणाले. मग स्वतःच माळ्यावर चढले आणि धूळ बसलेला एक खोका घेऊन आले, शेवटचा. ६५० रुपये दिले. खोक्यात माउसबरोबर रबराचा तुकडा आणि कागदी नमुनाही ठेवून दिला आहे.